डावा घास

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, मलेशियाच्या केलांतान राज्यात, कोता भारूहून तुम्पातकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका टपरीत, एका अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. हिसकावून घेतला असे मी म्हणणार नाही, कारण त्याने तो फार मायेने घेतला; लहान मुलाने तोंडात घातलेली किल्ली आई जशी बोलता बोलता काढून घेते, तसा. माझे वय ५२ आहे. मी एका कंपनीचे हिशेब तपासतो, माझ्या हाताखाली सहा माणसे आहेत, आणि त्यांतल्या एकानेही आजवर माझ्या टेबलावरचे पेन न विचारता उचललेले नाही.

मी तिथे कसा पोहोचलो ते थोडक्यात सांगतो. क्वालालंपूरच्या आमच्या ऑफिसातला एक सहकारी मूळचा केलांतानचा. त्याच्या मावसबहिणीचे लग्न होते, आणि आठ वर्षे मलेशियात राहूनही मी खरे मलय जेवण जेवलेलोच नाही असे त्याचे ठाम मत असल्यामुळे त्याने मला गाडीत घालून गावी नेले. सकाळी त्या टपरीपाशी मला उतरवून, “पाच मिनिटांत येतो” असे सांगून तो मांडवातल्या खुर्च्या आणायला गेला. पाच मिनिटे या मापाबाबत केलांतान आणि सातारा जिल्हा यांच्यात अजिबात मतभेद नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

टपरी चार खांबांवर पत्रे टाकलेली होती. खाली तीन मांजरे, वर एक पंखा. पंखा फिरत होता, पण तो वाऱ्यासाठी नसून माश्यांना दिशा देण्यासाठी असावा. प्रत्येक टेबलावर एक किटली आणि तिच्याखाली जाळीचे झाकण असलेले एक भांडे होते. या किटलीत चहा नसतो, हात धुण्याचे पाणी असते. हे ज्ञान मला माझ्या मलेशियातल्या पहिल्याच महिन्यात, आठजणांच्या देखत, पेला भरून घेतल्यानंतर प्राप्त झाले होते, त्यामुळे या वेळी मी किटलीकडे अनुभवी माणसाच्या तुच्छतेने पाहिले. टपरी चालवणाऱ्या बाई, ज्यांना इथे माकचिक म्हणायचे, म्हणजे आपल्या काकू किंवा मावशी, त्यांच्याकडे मी नासी केराबू मागितला.

केराबू म्हणजे कालवून केलेली कोशिंबीर, आणि नासी म्हणजे भात. हा भात निळा असतो. निळसर वगैरे नाही, चांगला शाईच्या दौतीतून काढल्यासारखा निळा, आणि तो रंग येतो गोकर्णाच्या फुलांपासून. आमच्या वाईच्या घरी कुंपणावर गोकर्ण होती. आजी रोज सकाळी तिची फुले परडीत घेई आणि देवाला वाही. ती भातात शिजवायची कल्पना कोणी मांडली असती, तर तिने त्याला प्रथम डॉक्टरकडे आणि मग मांत्रिकाकडे नेले असते. माकचिकनी केळीच्या पानाचा तुकडा ताटलीत ठेवला, त्यावर त्या भाताची मूद घातली आणि मग भोवताली एकेक गोष्ट मांडायला सुरुवात केली. बारीक चिरलेली कोबी. मोड. चौधारी घेवड्याच्या चकत्या. कोण्या उग्र वासाच्या पाल्याची हिरवी चिरफाड. आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी, केसासारखी बारीक कापलेली. भाजून कुटलेले खोबरे. तळलेला बांगडा, ज्याला पाहून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. खारवलेले बदकाचे अंडे, मधोमध चिरलेले, आत शेंदरी बलक. एक भरली मिरची, आत मासा आणि खोबरे. माशाच्या पिठाचा पापड, जो पापडापेक्षा मोठा आणि कुरकुरीतपणात जरा जास्तच आढ्यतेखोर असतो. आणि सर्वांत शेवटी, एका लहान वाटीत, बुडू.

बुडूविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तो या कथेच्या शेवटी परत येणार आहे. मांदेलीच्या नात्यातले बारीक मासे मिठात घालून महिनोन् महिने मुरवायचे, आणि जे काळपट पाणी सुटते ते गाळून घ्यायचे, हा बुडू. केलांतानच्या माणसाला परदेशात घरची आठवण येते म्हणजे याची येते. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला बंद घर आठवले. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा भूक लागली. मधल्या दुसऱ्या वेळी काय झाले ते मी लिहीत नाही.

तर असे ते ताट माझ्यासमोर आले आणि मी, जसा कोणीही मराठी माणूस पाहील तसा, त्याच्याकडे ताट म्हणून पाहिले. आपल्याकडे ताटाला भूगोल असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे, भात मधे, आणि या प्रजेने आपापल्या जागी राहावे, एकमेकांच्या हद्दीत फार शिरू नये, अशी अपेक्षा असते. मी चमचा मागून घेतला आणि भाताचा एक घास, त्यावर बांगड्याचा एक तुकडा, मग थोडी कोबी, मग पापडाचा कोपरा, अशा शिस्तीने सुरुवात केली. लिंबाची फोड होती, ती भाताच्या एका बाजूला पिळली. तेवढाच भाग पाहता पाहता जांभळा झाला. गोकर्णाच्या रंगाला आंबट लागले की तो असा लाजतो. मी त्या रंगबदलाकडे कौतुकाने पाहत होतो, आणि तेवढ्यात मला जाणवले की माझ्याकडेही कोणीतरी पाहत आहे.

शेजारच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बनियन, खाली चौकडीची लुंगी. या लुंगीला इथे काइन पेलिकात म्हणतात, आणि ते नाव तमिळनाडूतल्या पुलिकत बंदरावरून आले आहे. म्हणजे कापड आपल्या बाजूचे आणि नजर मात्र पूर्णपणे स्थानिक. वय पंचाहत्तरच्या पुढे असावे. समोर काळ्या कॉफीचा पेला होता, जो त्यांनी बहुधा पहाटे मागवला असावा आणि दुपारपर्यंत पुरवणार असावेत. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला वळवली. मग ती उचलून थोडी जवळ आणली. मग आणखी थोडी. गावाकडे विहिरीवरच्या बाईला “पाणी लागलं का?” असे विचारण्याआधी माणसे जशी येऊन उभी राहतात, तसे ते आले. मग ताटलीकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले, आणि म्हणाले,

“देमो किडाल को?”

आठ वर्षांत मी क्वालालंपूरची मलय भाषा बऱ्यापैकी शिकलो आहे, पण ती केलांतानमध्ये नेणे म्हणजे पुण्याची मराठी घेऊन मालवणात भांडायला जाण्यासारखे आहे. इथली माणसे शब्दांच्या शेपट्या गिळतात. माकानचे माके होते, तांगानचे तांगे होते, कानानचे काने होते, आणि आपण शेपट्यांच्या शोधात असताना वाक्य संपून गेलेले असते. पण किडाल हा शब्द मला ठाऊक होता. किडाल म्हणजे डावखुरा.

मी “हो” म्हणालो, आणि थोडेसे हसलोही, कारण माझा समज असा झाला की हे कुतूहल आहे.

ते कुतूहल नव्हते. ते निदान होते.

“माके तांगे काने,” पाकचिक म्हणाले. उजव्या हाताने जेव. पाकचिक म्हणजे काका, आणि काका या नात्यात जगभर जे अधिकार आपोआप येतात ते सर्व त्या दोन-तीन शब्दांत होते. मी चमचा दाखवला. म्हटले, हात नाहीच, चमचा आहे. माझ्या दृष्टीने चमचा हे तटस्थ राष्ट्र आहे. पाकचिकनी मान हलवली, हात पुढे केला, आणि तो चमचा, वर सांगितल्याप्रमाणे, मायेने काढून घेतला. नुसता काढून घेतला नाही. आपल्या लुंगीच्या काठाला पुसून स्वतःच्या कॉफीच्या बशीत ठेवला. म्हणजे तो आता कायदेशीररीत्या त्यांचा झाला होता.

इथे मला थोडे मागे जावे लागेल, कारण हा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत नव्हता. आजीने मला उजव्या हाताने जेवायला शिकवण्यासाठी माझा डावा हात पंच्याने पाटाला बांधलेला मला स्पष्ट आठवतो. ती दुष्ट मुळीच नव्हती. बांधून झाल्यावर ती मला वर तूप वाढायची. डाव्या हाताने तीर्थ घेतले तर ते तीर्थ राहत नाही, डाव्या हाताने प्रसाद घेतला तर देव तो परत मागतो, पंगतीत डावा हात चालवला तर शेजारच्याचे कोपर आणि आपले कोपर यांचे भांडण होते. असे तिचे एक संपूर्ण शास्त्र होते. शाळेत गुरुजींकडे शास्त्र नव्हते, फक्त पट्टी होती. त्यामुळे मी आज उजव्या हाताने लिहितो, आणि माझे अक्षर असे आहे की बँकेने माझी सही दोनदा परत पाठवली आहे. भाषेनेही मला फार साथ दिली नाही. जो श्रेष्ठ ठरतो तो उजवा ठरतो, आणि ज्याला बाजूला सारायचे त्याला डावलतात. हा शब्द ऐकला की माझा डावा हात आपण होऊन खिशात जातो. अठराव्या वर्षी वसतिगृहाच्या खाणावळीत चमचा मिळाला आणि तेव्हापासून ३४ वर्षे मी डाव्या हाताने, चमच्याने, कोणाला त्रास न देता जेवत आलो आहे. हस्ताक्षर शाळेने नेले, मोकळेपणी तीर्थ घेणे आजीने नेले. घास तेवढा माझ्याकडे उरला होता. तोही एका टपरीत, निळ्या भातासमोर, लुंगीला पुसून बशीत ठेवला गेला.

मी निषेध केला. म्हणजे शक्य तितक्या नम्रतेने म्हणालो की पाकचिक, मी जन्मापासून असाच आहे. त्यावर त्यांनी विचारले की तुझी आई तुला काही बोलली नाही का. आईला मधे आणल्यावर माझी मलय भाषा संपली.

एव्हाना टपरीला विषय मिळाला होता. कोपऱ्यात एक ट्रकचालक होता, तो खुर्चीसकट वळला. माकचिक झारा घेऊन बाहेर आल्या. दहाएक वर्षांचा एक मुलगा पापड खात उभा होता. केलांतानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे त्याला शाळा नव्हती आणि मला वाचवणारा कोणी दुसरा नव्हता. तो म्हणाला, “मेस्सीपण डावाच आहे.”

“मेस्सी पायाने जेवतो का?” पाकचिकनी विचारले.

याला उत्तर नव्हते. मुलाने पापड मोडला. मग मी, केवळ त्या मुलाचा पडलेला चेहरा पाहून आणि अंगावर आलेल्या वादात काहीतरी योगदान द्यावे म्हणून, एक वाक्य बोललो, आणि ते वाक्य मी मलेशियाच्या भूमीवर पुन्हा कधीही उच्चारणार नाही. मी म्हणालो, “लिन दानही डावखुरा आहे.”

वाचकांपैकी ज्यांना बॅडमिंटनची फारशी माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मलेशियाला ऑलिंपिकचे सुवर्णपदक आजवर मिळालेले नाही. ते ली चोंग वेई मिळवून देईल अशी संपूर्ण देशाची खात्री होती. २००८ साली बीजिंगमध्ये तो अंतिम फेरीत गेला आणि चीनच्या लिन दानकडून हरला. २०१२ साली लंडनमध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि पुन्हा लिन दानकडून हरला, तोही तिसऱ्या गेममध्ये, अगदी हाताशी आलेले पदक निसटून. मलय, चिनी, तमिळ असे सगळे त्या रात्री एकाच दूरदर्शनसंचासमोर एकत्र रडले असे मला माझे सहकारी सांगतात. आणि लिन दान डावखुरा आहे. म्हणजे माझ्या हाताचे समर्थन करण्यासाठी मी, साडेतीन माणसांच्या त्या न्यायालयात, नेमका तोच हात पुढे केला होता ज्याने या देशाचे पदक दोनदा हिरावले.

शांतता पसरली. पंखा तेवढा फिरत होता. ट्रकचालकाने माझ्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले. पाकचिक काहीच बोलले नाहीत, फक्त एकदा मान हलवली, ज्याचा अर्थ “बघा, मी सांगत होतो ना” याखेरीज दुसरा होऊ शकत नाही. शेवटी माकचिकच म्हणाल्या, “२०१६ ला रिओत उपांत्य फेरीत आपल्याने हरवला त्याला.” त्यांनी ते इतक्या थंडपणे सांगितले की तो सामना त्यांनी उजव्या हाताने, झाऱ्याने, स्वतः जिंकला असावा. मग अंतिम फेरीत पदक पुन्हा गेले, हे मला ठाऊक होते. परंतु माणूस एका सकाळी किती वेळा शहाणपणा गमावू शकतो याला मर्यादा असते.

मला सचिन तेंडुलकरचे नाव घ्यायला हवे होते. तो फलंदाजी उजव्या हाताने करतो आणि सही डाव्या हाताने, म्हणजे दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखा माणूस. पण तिथे क्रिकेट कोणाला कळत नव्हते, आणि देव नसलेल्या गावात देवाचे नाव घेऊन उपयोग नसतो.

यानंतर पाकचिकनी शिकवणी सुरू केली. किटली उचलून माझ्या उजव्या हातावर पाणी घातले. मग ताटलीकडे बोट दाखवून म्हणाले की तू जे करतो आहेस तो केराबू नव्हे. सगळे एकत्र कालवायचे. मी म्हटले, थोडे थोडे कालवतो. ते म्हणाले, सगळे. पापडसुद्धा? पापड आधी. त्यांनी स्वतः पापड चुरून दाखवला, माझाच. मग बुडूची वाटी माझ्या परवानगीशिवाय भातावर वर्तुळाकार फिरवली, खोबरे पसरले, मिरची फोडली, अंड्याचा बलक बोटाने दाबायला लावला, आणि ज्या ताटाच्या भूगोलाची मी पाच मिनिटे राखण केली होती त्याची एकच सपाट, निळी-पिवळी-हिरवी महसुली वसाहत झाली.

“रासा,” ते म्हणाले, आणि हवेत अंगठा आणि बोटांची टोके एकमेकांवर घासली. रासा म्हणजे आपला रस. इथे त्याचा अर्थ चव असाही होतो आणि स्पर्शाने जाणवणे असाही होतो. चमच्याला रासा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपलाच शब्द, शेकडो वर्षांपूर्वी जहाजात बसून इकडे आला, आणि आता माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

मी उजव्या हाताने पहिला घास उचलला. ३४ वर्षे निवृत्त असलेल्या कर्मचाऱ्याला अचानक कामावर बोलावल्यावर तो जसा येतो तसा तो हात आला. बोटे भातात शिरली, पण भाताशी त्यांची ओळख राहिलेली नव्हती. घास तळहातावर चढला, मनगटाकडे निघाला, मी तो परत वळवला, तोंडापर्यंत नेला, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा आत गेला. एक हिस्सा शर्टावर. उरलेल्याकडे मांजरे आधीच पोहोचली होती. त्या तिघींनी एव्हाना इतर सर्व टेबले सोडून दिली होती. “तळव्याला लागू द्यायचे नाही,” पाकचिक म्हणाले, “बोटांच्या टोकांनी. मग अंगठ्याने ढकल.” आणि मला एकदम धक्का बसला, कारण शब्दाला शब्द, मात्रेला मात्रा, हे वाक्य मी वाईला ऐकले होते. अंगठ्याने ढकल. फक्त तिथे वर तूप होते आणि इथे बुडू.

दहा-बारा घासांनंतर घशाला कोरड पडली म्हणून मी दुधाचा थंडगार चहा, ज्याला इथे “ते बेंग” म्हणतात, मागवला. तो आल्यावर पेला उचलायला मी डावा हात पुढे केला, कारण उजवा बुडूने माखलेला होता, आणि खरकट्या हाताने पेल्याला शिवायचे नाही ही शिकवण तरी मी कोणाचीही मोडलेली नाही. “तोक लेह!” पाकचिक ओरडले. चालणार नाही. मी थांबलो. मग मी जे पाहिले ते जवळून पाहण्यासारखे होते. त्यांनी समोरचा माकचिकनी नुकताच दिलेला भाताचा वाडगा सोडला, आपला कॉफीचा पेला डाव्या हाताने उचलला, आणि पेला ओठांकडे जाण्याच्या नेमक्या क्षणी, माखलेल्या उजव्या हाताची उलटी बाजू पेल्याच्या बुडाला हळूच टेकवली. घोट घेतला. पेला खाली ठेवला. उचलणारा हात डावा, तोल सांभाळणारा हात डावा, सर्व काम केले डाव्याने. उजवा फक्त येऊन हजेरी लावून गेला.

मी विचारले, हे चालते?

“उजवा आहे ना त्यात,” ते म्हणाले.

हे आमच्या सहकारी पतपेढीच्या सभेसारखे होते. गणसंख्या पूर्ण झाली की बस. काम कोण करतो हे कोणी विचारत नाही.

आणि इथे मला हसू आले नाही, खरे सांगायचे तर राग आला. पाकचिकचा राग नाही. त्यांच्या धर्मात उजव्या हाताने खावे-प्यावे अशी शिकवण आहे, ती ते पाळतात, आणि आमच्या घरी ती धर्माच्या नावाशिवायच पाळली जायची. राग याचा आला की चोरवाट सर्वांना ठाऊक असते. पन्नास वर्षे मला कोणी सांगितले नाही की डाव्याने कर आणि उजवा फक्त टेकव. आजीने पंचा शोधला, गुरुजींनी पट्टी शोधली, पण ही एक युक्ती शोधली असती तर माझी सही बँकेतून परत आली नसती. माणसाचे व्याकरण चुकले तर लोक भीडेने गप्प बसतात, त्याची गाडी चुकीच्या बाजूने चालली असली तर शिवी देऊन पुढे जातात. पण त्याचा घास चुकीच्या हातात दिसला की कोणालाही थांबून दुरुस्ती करण्याचा हक्क असतो, अनोळखी असले तरी, खुर्ची ओढून आणून, प्रेमाने. प्रेमाने, हेच तर वाईट. भांडता येत नाही.

भात मात्र, आता लिहून टाकतो, कालवल्यावर चांगला लागला. आंबट, खारट, कडसर पाला, खोबऱ्याचा गोडवा आणि मधेच भिजत चाललेला पापड, आणि या सगळ्यांच्या तळाशी तो बुडू, ज्याचा वास आता वास राहिला नव्हता. हे मान्य करायला मला रविवारी दुपारपर्यंत वेळ लागला, आणि तोही मी पाकचिकसमोर मान्य केलेला नाही.

ताटली संपली तेव्हा टेबलाची निळी नक्षी झाली होती. मी हात धुतला, पाकीट काढले आणि या वेळी शहाणा होऊन, धुतलेल्या ओल्या उजव्या हातात नोट धरून माकचिककडे गेलो. त्या म्हणाल्या, पैसे झाले. पाकचिकनी दिले. मी परत वळलो तर ते हात उडवून “असू दे” अशा अर्थाचे काही म्हणाले, आणि वर पुढे म्हणाले, “लांकाह काने.” लांकाह कानान म्हणजे उजवे पाऊल. ऐन जेवणाच्या वेळी जो माणूस दारात येऊन पोहोचतो आणि ज्याच्या वाट्याला आयते अन्न येते, त्याने उजवे पाऊल टाकले असे मलय माणूस म्हणतो. म्हणजे माझा हात डावा असला तरी पाय उजवा आहे, असे ते मला समजावत होते. सात रिंगिटचे जेवण त्यांनी मला घातले होते, माझा चमचा अजून त्यांच्या बशीत होता, आणि मला आभार मानावे लागले. मानले. उजवा हात छातीवर ठेवून.

सहकारी सव्वा तासाने आला. त्याने माझा शर्ट पाहिला आणि विचारले, “कालवून खाल्लास ना?”

रात्री फोनवर मी बायकोला सगळी हकीकत सांगितली, काहीशा करुण सुरात. ती बराच वेळ काही बोलली नाही, कारण हसत होती. मग म्हणाली, “अहो, बरं झालं. आजींना जमलं नाही ते त्या काकांनी एका सकाळी केलं. आता घरीसुद्धा चमचा मागू नका.” आजी जाऊन २६ वर्षे झाली. तिचे लोक कुठवर पसरले आहेत याची मला कल्पना नव्हती.

लग्न छान झाले, त्याविषयी पुन्हा कधीतरी. रविवारी आम्ही गाडीने परतलो. सोमवारी सकाळी ऑफिसात सहकारी माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली एक बाटली होती, आणि ती तीन पिशव्यांतूनही आपली ओळख करून देत होती. त्या पाकचिकनी तुझ्यासाठी बुडू पाठवला आहे, तो म्हणाला. घरचा, गावात मुरवलेला, दुकानात मिळत नाही. मी उजव्या हाताने एका पत्रकावर सही करत होतो, बँकेला आवडणार नाही अशी. मला खरोखर भरून आले. मी मान वर केली आणि रिकामा असलेला हात पुढे केला.

त्याने बाटली मागे घेतली.